कासिल्दा गावाला गेली

ग्वापीच्या नदीकाठी कुणी वारलं, की पाद्र्याच्याही आधी नसारिया बांगेराला बोलावणं जायचं. मेलेल्याची गाणी तिच्यासारखी त्या काठावर दुसऱ्या कुणाला येत नव्हती. एरवी तिचा आवाज बसका, घोगरा. पण मयताशेजारी बसून तिने पहिली ओळ उचलली, की बाहेर सोंगट्या खेळणारे पुरुषसुद्धा टोप्या काढून गप्प होत. दिवसा ती चार बायांबरोबर होडीतून खारफुटीत जायची, मांडीभर चिखलात हात खुपसून काळ्या शिंपल्या काढायची. तोंडात चिरूट असायचा, पेटतं टोक आत. लग्न तिने केलं नाही. विचारणारे दोघं-तिघं होते. "नदी सोडून कुठं जायचं नाही मला," एवढंच सांगून तिने त्यांना वाटेला लावलं.

तिला शौक म्हणाल तर एकच, संध्याकाळची मालिका. अंधार पडता पडता गावचा जनरेटर सुरू व्हायचा आणि लेओन्सियो आपल्या दुकानातला टीव्ही रस्त्याच्या बाजूला वळवायचा. पुढच्या बाकावरची उजवी जागा नसारियाची. तिथे चुकून कुणी बसलं तर ती काही बोलायची नाही, नुसती समोर उभी राहायची. बसलेला माणूस आपणहून उठायचा.

मालिका कुठल्याशा मोठ्या शेतवाडीवरची होती. दोन भाऊ, एक मालकीणबाई, स्मृती गेलेली एक गोरी पोरगी. त्या पोरीचं काय होतं याची ग्वापीत कुणालाच फारशी पडलेली नव्हती. सगळे यायचे ते कासिल्दासाठी. कासिल्दा त्या घरातली स्वयंपाकीण. काळी, अंगाने भरलेली, डोक्याला रुमाल. शब्दांची शेपटं गिळत बोलायची, अगदी इथल्यासारखी. रोजच्या भागात तिच्या वाट्याला पाचेक वाक्यं यायची, पण त्यांतल्या एका वाक्यात ती मोठ्या मालकाचं तोंड बंद करायची आणि रस्त्यावर हशा उसळायचा.

"बघ, बघ, आता कशी उत्तर देते ती!" नसारियाची धर्माची बहीण फिदेलिना कोपराने ढोसायची.

"गप गं, ऐकू दे."

कासिल्दा रश्शात नारळाचं दूध ओतायला लागली की नसारिया पडद्याला ओरडायची, "अगं, आधी आच कमी कर! फाटेल की ते!" आणि मग स्वतःच हसायची. तिला इतकं मोकळं हसताना लोकांनी फक्त त्या बाकावरच पाहिलं.

एका सोमवारी कासिल्दा दिसली नाही. मंगळवारी एक पोरसवदा गोरी मुलगी कॉफी घेऊन आली. धाकट्या मालकाने सहज विचारलं, "कासिल्दा कुठाय?" मालकीणबाईंनी कप उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "तिच्या गावाला गेली." आणि पुढच्या वाक्याला दोघं शेतवाडीच्या वाटणीवर बोलायला लागले.

रस्त्यावर क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग गलका उठला.

"गेली म्हणजे? सांगून नाही, सवरून नाही?"

"बोचकं बांधतानासुद्धा दाखवलं नाही मेल्यांनी!"

"त्या कुत्र्याला साप चावला तेव्हा दोन दिवस रडत होते सगळे. आणि हिला एक घोट कॉफी?"

लेओन्सियोने चिडून टीव्हीच्या डोक्यावर चापट मारली, जणू कासिल्दा आत कुठे अडकली होती. नसारिया मात्र हात मांडीवर घट्ट धरून मालिका संपेपर्यंत बसून राहिली आणि कुणाचा निरोप न घेता घरी गेली.

गाव काही दिवस धुमसत होतं. त्या नटीने जास्त पगार मागितला म्हणून काढली, असं कुणी म्हणे. तिला दिवस गेलेत, असं कुणी सांगे. फिदेलिनाने मालिका बघणार नाही अशी शपथ घेतली आणि तिसऱ्या दिवशी मोडली. थट्टाही सुरू झाली. कासिल्दाचं गाव म्हणजे आपलंच, दुसरं कुठलं असणार? बुएनावेन्तुरा बंदरातून मालाची बोट आली की धक्क्यावरचे हमाल ओरडायचे, "ओ कप्तान, आमची कासिल्दा उतरवा की! का तिलाही केळ्यांखाली दाबलंत?"

एकदा नसारिया शिंपल्यांची टोपली घेऊन तिथूनच चालली होती. "मावशी, तुमची मैत्रीण याही बोटीने नाही आली हो," एक हमाल म्हणाला. तिने टोपली खाली ठेवली आणि त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचं हसू जागच्या जागी विरलं.

शेवटी फिदेलिनाच्याच डोक्यातून निघालं की राजधानीत, टीव्ही कंपनीलाच फोन लावायचा. टेलिफोनच्या खोलीत दहा-बारा जणी कोंबून उभ्या राहिल्या. बऱ्याच खटपटीने पलीकडे एक मुलगी बोलायला लागली. फिदेलिनाने तिच्यावर अशी आग पाखडली की ती फोन ठेवायच्या बेतात आली. तेवढ्यात नसारियाने रिसीव्हर हातात घेतला.

"बाळ, एकच विचारायचंय. तिचं गाव कुठलं?"

"कुणाचं, बाई?"

"कासिल्दाचं. गावाला गेली म्हणतात ना."

पलीकडची मुलगी हसली. वाईट नव्हती, थकलेली होती. "बाई, ती खरी नाहीये हो. गोष्टीतली आहे."

"ते कळतं मला. म्हातारी असेन, खुळी नाही. मी विचारते, गोष्टीत तिचं गाव कुठलं लिहिलंय?"

थोडा वेळ नुसती खरखर आली. कुणाला तरी विचारून ती मुलगी परत आली. "नाही हो, बाई. तसं काही लिहिलेलंच नाहीये. छोटं काम होतं ते."

नसारियाने रिसीव्हर खाली ठेवला. बाया विचारत राहिल्या, "काय म्हणाली, काय म्हणाली?" ती म्हणाली, "काही नाही. त्यांनाही माहीत नाही."

फिदेलिनाला तेव्हा उमजलं आणि तिने जीभ चावली. नदीकाठच्या जुन्या माणसांनाच ते ठाऊक होतं. नसारियाची धाकटी बहीण देल्फा सोळाव्या वर्षी काली शहरात एका घरी कामाला गेली होती. पहिली दोन वर्षं माणसांच्या हाती निरोप यायचे, नाताळला कापड यायचं. मग सगळं थांबलं. नसारिया कधी नदीबाहेर न गेलेली. ती बोटीने, मग बसने, विचारत विचारत त्या घरापर्यंत पोचली. मालकिणीने फाटकसुद्धा उघडलं नाही. गजांआडूनच म्हणाली, "देल्फा? ती तिच्या गावाला गेली." कधी गेली, कुणाबरोबर गेली, काही नाही. फाटकामागे एक नवी मुलगी फरशी पुसत होती. तिने मान वर केली नाही.

नसारिया जीव तोडून परत आली. वाटलं, चुकामूक झाली असेल, देल्फा घरी चूल पेटवून बसली असेल. घरी आई एकटीच होती. त्यानंतर मायलेकी प्रत्येक बोटीला धक्क्यावर जायच्या. पुढे आई गेली. मरताना तिने नसारियाला बजावलं, "देल्फासाठी गायचं नाही. गायलीस तर ती मेली." साऱ्या नदीच्या मढ्यांना वाट दाखवणाऱ्या बाईने आपल्या बहिणीसाठी तोंड उघडलं नव्हतं ते असं.

गावातल्या रिकामटेकड्यांना हे कुठलं माहीत? त्यांनी पुढच्या शनिवारी थट्टेचा कळस केला. दुकानासमोर पांढरी चादर टांगली, मेणबत्त्या लावल्या, वर्तमानपत्रातून कापलेला कासिल्दाचा फोटो मधोमध चिकटवला. मयताच्या घरी असते तशी कॉफी आणि उसाची दारू मांडली. निम्मी गंमत, निम्मा खराच राग. लेओन्सियो स्वतः नसारियाला बोलवायला गेला.

"चला, मावशी. तुमच्याशिवाय कसं व्हायचं? दोन ओळी गा नुसत्या."

ती आली. चादरीसमोर उभी राहिली. सगळे पुढे सरकले.

"मेली का ही?" तिने विचारलं.

"मेल्यासारखीच की," लेओन्सियो म्हणाला.

"तू पाहिलंस? तिचे डोळे कुणी मिटले? कुणी पाहिलंय का तिला मेलेली? आं?" तिचा आवाज चढत गेला. "घरातून माणूस नाहीसं होतं, कुणी उठून शोधत नाही, आणि तुम्ही दारू मांडून बसता!" तिने फोटो ओरबाडून काढला आणि छातीशी धरून निघून गेली. मेणबत्त्या कुणी विझवल्या ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

तरी दुसऱ्या दिवशी ती बाकावर हजर होती. त्यानंतर एकही भाग तिने चुकवला नाही. हसणं संपलं होतं. ती नुसती कान देऊन बसायची. कुणी तरी कासिल्दाचं नाव काढेल, एखादा निरोप येईल. दोन्ही भाऊ भांडले, समेट झाला, त्या पोरीची स्मृती परत आली. तिला लहानपणचा घोडा आठवला, अंगाई आठवली. ज्या बाईने तिला महिनोन्‌महिने भरवलं ती आठवली नाही.

शेवटच्या भागात लग्न झालं. भलं मोठं टेबल, सगळं घर जमलेलं. तुरुंगातून सुटलेला खलनायकसुद्धा कोपऱ्यात उभा होता. नसारिया एकेक चेहरा बघत होती. पडद्यावर नावं सरकायला लागली, लोक उठले, लेओन्सियोने बटण फिरवलं.

"चल गं, घरी," फिदेलिना म्हणाली.

"नाही येणार ती," नसारिया म्हणाली.

"लिहिणाऱ्यांना अक्कल नाही गं. सोड ना आता."

"देल्फा नाही येणार, फिदेलिना."

फिदेलिनाने तिचा हात धरला.

मेलेल्यासाठी नऊ रात्री जागवायच्या असतात, त्या देल्फासाठी नसारियाच्या घरी मांडल्या. देल्फाचा फोटो नव्हता. नाताळला आलेल्या कापडाचा न शिवलेला तुकडा पेटीत होता, तो चादरीवर टाचला. लेओन्सियोने न सांगता कॉफीचं पोतं आणून दिलं आणि मान खाली घालून दाराशी बसला. शेवटच्या पहाटे चादर उतरवायच्या आधी निरोपाचं गाणं म्हणायचं असतं. नसारियाने तोंड उघडलं. आवाज आला, पहिल्या ओळीच्या मध्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. तिने पुन्हा उचललं, पुन्हा तिथेच तुटलं. तेव्हा फिदेलिनाने ओळ घेतली, मग दुसरीने, मग सगळ्यांनी. गाणं तडीला गेलं. नसारिया ओठ मिटून कापडाची घडी घालत राहिली.

मन हलकं झालं का, असं फिदेलिनाने पुढे एकदा खारफुटीत तिला विचारलं. नसारियाने चिखलातून हात काढून शिंपली टोपलीत टाकली.

"आईने सांगितलं होतं, गाऊ नकोस म्हणून," ती म्हणाली. "गाणं झालं नव्हतं, तोवर ती कुठे तरी भांडी घासत होती गं. म्हातारी झाली असती आता माझ्यासारखी."

भरती चढायला लागली होती. दोघींनी टोपल्या होडीत ठेवल्या आणि बाकीच्या बायांना हाका मारल्या.