सुइणीच्या नावापुढची रेघ

एकोणीसशे तीस सालानंतरची गोष्ट आहे. मी तालुक्याच्या कचेरीत उमेदवार कारकून होतो आणि कायम होण्याची वाट बघत होतो. त्या सुमारास वरून एक नवा तक्ता आला. तालुक्यात लोकांना बरं करणारी माणसं किती आणि कोण, हे सरकारला हवं होतं. डॉक्टर, वैद्य, हकीम, देवी टोचणारे, हाडं बसवणारे आणि सुइणी. नाव, वय, विद्या कुणाकडून घेतली, गेल्या वर्षात किती जणांना हात लावला, मोबदला काय घेतला, असे रकाने होते. तक्ता इतका रुंद होता की टेबलावर उलगडला की दोन्ही बाजूंनी खाली लोंबायचा.

मला तो तक्ता आवडला होता, हे आधीच कबूल करतो. तोवर आम्ही शेतं लिहिली, गुरं लिहिली, नारळ-पोफळीची झाडं लिहिली. पण आजाऱ्याच्या उशाशी कोण बसतं, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. अख्ख्या तालुक्यात शिकलेला डॉक्टर एकच, आणि पावसाळ्यात होड्या बंद झाल्या की निम्म्या गावांना तो विलायतेइतका लांब. हे एकदा कागदावर आलं की वरच्यांचे डोळे उघडतील, असं मला वाटे. शिवाय माझं अक्षर चांगलं होतं, आणि त्या वयात चांगल्या अक्षराची माणसाला घमेंड असते.

समुद्राकाठची गावं मी मागून घेतली, कारण त्यातल्या एका गावात माझी धाकटी बहीण दिली होती. सरकारी काम आणि बहिणीच्या हातचं जेवण, एका दगडात दोन पक्षी. चैत्रात मी निघालो. एका वैद्यबुवांनी वर्षाच्या रोग्यांचा आकडा सांगताना आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मी प्रभावित होईपर्यंत तो वाढवत नेला. मी तो मुकाट्याने लिहून घेतला. हाडं बसवणाऱ्या एकाने तर स्वतःच्या बैलाचा मोडलेला पायही हिशोबात धरला. लोकांना आकडा द्यायला आवडतं, असं माझं मत तिथवर पक्कं झालं होतं.

बहिणीच्या गावची सुईण अंगणात चिंचा फोडत बसली होती. सगळं गाव तिला बाय म्हणे. नाव तिने सांगितलं. वय विचारलं तर म्हणाली, तुम्हीच बघा नि लिवा. विद्या सासूकडून मिळालेली. मोबदला ती मागत नसे. पाचवीच्या दिवशी बाळंतिणीच्या घरचे सुपात तांदूळ, नारळ आणि खण घालून देत, तेवढं घेई. पुढचा रकाना आला आणि मी विचारलं, वर्षात किती बाळंतपणं केलीस? तिचा हात चिंचेवर थांबला.

"पोरं मोजायची न्हाय, भाऊसाहेब. सासूनं आपलं काम माज्या हाती दिलंन तवा हीच आण घातलीन. सुईण मोजाया लागली का हाताचं यश जातं."

मी समजावलं. अंदाजे सांग म्हटलं, दहा की वीस की जास्त. ती हसली आणि म्हणाली, पोरं काय नारळ हायत? आमच्या कचेरीचा दंडक असा की रकाना रिकामा सोडायचा नाही; रिकामा दिसला की तक्ता परत येतो. काही नसेल तर आडवी रेघ मारायची. आता पाटलाकडे गावच्या जन्मांची वही होती. त्या गावात बायशिवाय दुसरी सुईण नव्हती, म्हणजे वहीतले जन्म मोजले की आकडा निघत होता. पाटलाचं घर फार तर शंभर पावलांवर. पण ऊन चढलं होतं आणि बहिणीने कैरीची डाळ करून ठेवली होती. मी रेघ मारली आणि जेवायला गेलो.

तक्त्याच्या चार प्रती झाल्या. एक आमच्याकडे राहिली, एक जिल्ह्याला गेली, एक दवाखान्याला आणि एक पोलिसांकडे. पावसाळा सरता सरता त्यावरून हुकूम आला. ज्या सुइणींच्या नावापुढे आकडा आहे, त्यांना पाळीपाळीने दवाखान्यात बोलावून शिकवायचं आणि सामानाची पेटी द्यायची. ज्यांच्या नावापुढे रेघ, त्या काम करत नाहीत असं धरायचं, आणि त्यांनी यापुढे बाळंतिणीला हात लावायचा नाही. गावोगावच्या पाटलांनी चावडीवर नावं वाचून दाखवली. बायचं नाव दुसऱ्या यादीत होतं.

हुकूम वाईट नव्हता. गंजलेल्या विळ्याने नाळ कापणाऱ्या सुइणी मी स्वतः लिहून आणल्या होत्या, आणि त्यांच्यापुढे भरघोस आकडे होते. बाय मात्र उकळलेल्या पाण्याने हात धुतल्याशिवाय बाळंतिणीला शिवत नसे. यादीला हे कुठून कळणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, आणि आड मी होतो.

मी अव्वल कारकुनांकडे गेलो आणि चूक सांगितली. माणूस भला होता. आपल्या कचेरीतली प्रत काढून त्यांनी पेन्सिलीने खूण केली आणि मला विचारलं, बाकीच्या तीन प्रतींचं काय? तिथून यादी आणखी कुणी कुणी उतरवून घेतली असेल, कोण जाणे. दुरुस्ती पाठवायची तर चूक कोणाची आणि कशाने, हे लिहून द्यावं लागेल, आणि तुमच्या नेमणुकीचे कागद तर आत्ताच वर गेलेत. पुढच्या वर्षीच्या तक्त्यात सरळ करू, असं ते म्हणाले. मला हायसं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण वाटलं ते हायसंच.

बायने हुकूम पाळला. खाडीपलीकडे संस्थानची हद्द होती, तिथे आमचा कागद चालत नव्हता. म्हणून तरीत बसून ती पलीकडच्या बाळंतिणींकडे जाई आणि आपल्या गावात हात बांधून बसे. गावातल्या बायकांसाठी दोन कोसांवरच्या यादीतल्या सुइणीला गाडी पाठवावी लागे. हे मला बहिणीच्या यजमानांनी पत्रातून कळवलं. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं की बहिणीला सातवा महिना लागला आहे, आणि आमची आई नसल्याने बाळंतपण तिकडेच होईल. तिची तारीख मार्गशीर्षातली होती, तोवर काहीतरी करू, असं मी स्वतःला सांगितलं.

भाऊबीजेला मी तिच्याकडे गेलो. तिने मला ओवाळलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच तिला कळा सुरू झाल्या, महिनाभर आधी. यादीतल्या सुइणीला आणायला गाडी गेली, ती परत आली नाही. ती बाई तिसऱ्याच गावी अडकली होती, हे मागाहून कळलं. बायला निरोप गेला तशी ती आली, पण खोलीत गेली नाही. पडवीत बसून ती दाराआडून बहिणीच्या थोरल्या जावेला सांगत होती, असं बसव, इथे हात ठेव, आता जोर नको. हात लावू नको असा हुकूम आहे, बोलू नको असा नाही, असं ती चौकशीला आलेल्या पाटलांच्या माणसाला म्हणाली. तो बिचारा फाटकातूनच परतला.

दुपार झाली तेव्हा जाऊ बाहेर आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मूल आडवं वाटतंय आणि मला पुढचं काही कळत नाही, असं ती म्हणाली. बाय उठली. दारापर्यंत गेली आणि तिथून वळून माझ्यासमोर आली.

"आत जाते मी. पन माजं नाव चावडीवर वाचलंय. काय बरंवाईट झालं तर म्हनतील, हिला येत न्हवतं आनि ही घुसली. मला लिवून द्या."

मी म्हणालो, बाय, मी साधा कारकून आहे, परवानगी देण्याचा मला अधिकार नाही.

"परवानगी कोन मागतंय? रेघ तुमी मारलीत. मी काम करते हे तुमाला म्हाईत व्हतं. येवढं लिवा."

बहिणीचे यजमान माझ्याकडे बघत होते. त्यांना ही रेघ माझी, हे तोवर ठाऊक नव्हतं. पेन माझ्या खिशाला होतं, कागद पिशवीत होते. आणि मी विचार करत उभा राहिलो. हा कागद पाटलाकडे जाईल, पाटलाकडून कचेरीत जाईल, नेमणूक अडकेल, कदाचित नोकरीही जाईल. आतून बहिणीचा आवाज येत होता. मी किती वेळ उभा होतो, ते मला आजही सांगता येत नाही. थोडाच असेल, पण तो वेळ मी घेतला.

मग लिहिलं. ही बाई सुइणीचं काम नेहमी करते, हे मला माहीत असताना मी आळसाने चौकशी न करता रेघ मारली, चूक माझी आहे. खाली सही केली. बायला वाचता येत नव्हतं. तिने यजमानांकडून तो कागद मोठ्याने वाचून घेतला, त्यांच्याच हाती ठेवायला दिला, कढत पाण्याने कोपरापर्यंत हात धुतले आणि आत गेली. उन्हं कलली तेव्हा मूल रडलं. मुलगी झाली होती, आणि माझी बहीण जिवंत होती.

यजमान तो कागद मला परत द्यायला तयार होते. बाय तयार नव्हती, आणि तिचं बरोबर होतं. कागद पाटलामार्फत कचेरीत पोचला, मला मामलेदारांनी उभं करून सुनावलं आणि माझी नेमणूक वर्षभर लांबली. पण चारही प्रतींत दुरुस्ती झाली. मी पाटलाच्या वहीतले जन्म मोजले आणि आकडा भरला. तो बायला कधी सांगितला नाही. ती दवाखान्यात शिकायला गेली, पेटी घेऊन आली आणि पुन्हा आपल्या गावात घरोघर जाऊ लागली. त्या तक्त्यावरूनच काही वर्षांनी आमच्या किनाऱ्याला एक नर्सही मिळाली, हेही सांगायला हवं.

बारशाला मी गेलो होतो. बहीण मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. इतर बायका उठून गेल्यावर तिने मला विचारलं, बाय आत येते म्हणाली ते मी ऐकलं होतं, मग ती किती तरी वेळ आलीच नाही, बाहेर काय चाललं होतं? यजमानांनी तिला काही सांगितलेलं नव्हतं. मी म्हणालो, काही नाही, पेन सापडत नव्हतं.

तिने मुलीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं.

"मी तुला हाका मारत होते, दादा," ती म्हणाली. "ऐकू आल्या नसतील."

नाही आल्या, असं मी तिला सांगितलं. मला त्या सगळ्या ऐकू आल्या होत्या.