वानराचा हिस्सा

मी मूळची अकोल्याची. एमएस्सीला पुण्यात होते तेव्हा होस्टेलच्या मुली विचारायच्या, "तू आत्ता रागावलीस की नुसती बोललीस?" माझ्या तोंडून 'काहून' निघालं की सगळ्या फिदीफिदी हसायच्या. काही दिवस मी 'का बरं' म्हणून पाहिलं, मग कंटाळून सोडून दिलं. आपल्या बोलण्यात उणं काही नाही हे तेव्हा नुसतं वाटायचं. त्याची खात्री पटली ती अमरावतीच्या आमच्या कॉलेजात, स्टाफरूममध्ये.

मी तिथे प्राणिशास्त्र शिकवते. दुसऱ्या वर्षाला परतवाड्याकडची एक मुलगी होती. सूक्ष्मदर्शकापाशी बसली की उठायचं नाव घ्यायची नाही, पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ. वडील गेल्यापासून घरात आजोबांचा शब्द चालायचा. उत्क्रांतीचा धडा नुकताच सुरू झाला होता, आणि एका दुपारी हे आजोबा तिला घेऊन थेट स्टाफरूममध्ये आमच्यापुढे उभे राहिले. धोतर, टोपी, गळ्यात माळ, हातात काठी.

"टीसी द्या. आमची पोट्टी आता येणार नाई. तुमी लोकं आमच्या बापजाद्याले माकड म्हणून राहिले."

पोरगी मागे ओढणीचं टोक पिळत उभी होती. तिचं शिक्षण त्या दुपारी तिथेच संपत होतं आणि ती हूं की चूं करत नव्हती.

तो धडा घेणारे सर नवे होते, पुण्याचे. माणूस सज्जन. त्यांनी उठून खुर्ची दिली, हात जोडले. "आजोबा, आपल्या श्रद्धेचा आम्हाला पूर्ण आदर आहे. आपलं आपल्या जागी बरोबरच आहे. हे फक्त परीक्षेपुरतं असतं."

आजोबा भडकलेच. "आदर असता तं वाद घातला असता! लेकराच्या हातावर गोळी ठेवून चूप करतेत, तसं करून राहिले काय मले?"

आपलं चुकलं कुठे, ते सरांना कळेना. मला मात्र लख्ख कळलं. सरांच्या घरी आवाज न चढवणं हा मान होता. आमच्याकडे ज्याच्याशी भांडायची कोणाला गरज वाटत नाही, तो माणूस गेल्यात जमा. शिवाय ते 'परीक्षेपुरतं' मलाच झोंबलं होतं.

मी खुर्ची ओढली. "आबाजी, तुमचं साफ चुकलं."

"काहून?" म्हणत ते बसले.

"वानर आपला आजा हाय असं पुस्तक म्हणतच नाई. तो आपला चुलत. आजा दोघांचा एक, लय जुना. पुढं घरं वेगळी झाली."

"तुमी पाह्यला तो आजा?"

"तुमी तुमच्या पणज्याचा पणजा पाह्यला? तरी वावर त्याचंच म्हणता ना?"

"माणूस देवानं घडवला!"

"मारुतीच्या पाया पडता, अन् वानराले चुलत म्हणायले लाज वाटते?"

त्यांनी टेबलावर थाप मारली, मीही मारली. शिपाई डोकावून गेला. सरांनी खिडक्या लावून घेतल्या. आणि मला, खरं सांगते, मजा येत होती. मग आजोबा एकदम थांबले, टोपी काढून डोकं खाजवलं.

"चुलत म्हणता?"

"चुलत."

"तरीच! तरीच दरसाल माह्या तुरीत शिरते. हिस्सा मागून राहिला तो!"

सगळी स्टाफरूम हसली. पण त्यांचं मत बदललं असं कोणी समजू नये. हिस्सा मागो की काही करो, घडवलं देवानंच, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. ते चूक आहे, हे मीही तितकंच ठणकावून सांगितलं. चहा आला. दोघांनी घेतला. मुलीचा कप तसाच होता, म्हणून शेवटी मीच टीसीचं विचारलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "पण आज तुमी माह्याशी जशा भांडल्या, तशी हे पोरगी भांडली पाहिजे. नुसती मान हलवणारी पोट्टी शिकवून काय फायदा?"

आता ही मान हलवणार, असं मला वाटलं.

"आबाजी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मी पहिल्यांदा इतका मोठा ऐकला, "तो हिस्सा नाई मागत. जंगल त्याचंच होतं. आपुनच त्याच्या हिश्शात नांगर घातला."

आजोबा तिच्याकडे बघतच राहिले. मग काठी आपटत सरांकडे वळले.

"पाहा सर! माही नात वाद घालते!"