फौजदाराला कुठं सोडायचं

डोंगरकड्याजवळच्या त्या वस्तीत ज्या घरी तीन ते सहा वर्षांचं लेकरू आहे, त्या घराला घड्याळाची गरज पडत नाही. साडेनऊला केशरबाई गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहतात आणि ओरडतात, "निघा रे भाईर! खिचडी गार होऊन राहिली!" की अर्धी वेणी घातलेल्या पोरी आणि एकाच पायात चप्पल असलेली पोरं घराघरातून पळत सुटतात. बावीस वर्षं झाली, केशरबाई अंगणवाडीत मदतनीस आहेत. या काळात सेविका चार बदलल्या. केशरबाई तिथंच. कागदावर त्यांचं काम लेकरं आणायची, खिचडी शिजवायची, भांडी घासायची. कागदावर नसलेलं काम म्हणजे भांडायचं. तेही त्या मन लावून करतात.

पाच वर्षांपूर्वी अंगणवाडीचं छत गळायला लागलं. अर्ज दिले, आठवण दिली, "बघू" हे उत्तर तीनदा आलं. चौथ्यांदा केशरबाईंनी अर्ज लिहिलाच नाही. वीस लेकरं, वीस ताटं आणि खिचडीचं पातेलं टेम्पोत घातलं आणि तालुक्याला जाऊन साहेबांच्या कचेरीच्या व्हरांड्यात पंगत मांडली.

साहेब बाहेर आले. "हे काय चाललंय?"

"अंगणवाडी."

"अहो पण इथं?"

"तिथं वरून पाणी येतं, साहेब. तुमचं छत चांगलं हाय."

पंधरा दिवसांत पत्रे बसले. त्या पंगतीच्या दिवशी केशरबाईंच्या पदरातून कुत्र्याच्या एका महिनाभराच्या काळ्या पिलानं डोकं बाहेर काढलं आणि साहेबांच्या शिपायाकडं बघून गुरगुर केली. पिलाची माय रस्त्यावर ट्रकखाली गेली होती, भावंडंही जगली नव्हती. हे एवढं कापसाची वात दुधात बुडवून केशरबाईंनी जगवलं होतं. घरी ठेवलं तर मरेल म्हणून सोबत आणलेलं. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "बाईनं संगं फौजदार बी आणलाय!" तेच नाव राहिलं.

पुढं फौजदार ऐटीत वाढला. केशरबाईंच्या मालकांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. घरात त्या आणि त्यांचा लेक धम्मानंद. धम्मानंदाचं वारंगा फाट्यावर मोबाइल दुरुस्तीचं दुकान, त्यामुळं दिवसभर घरी फौजदारच. केशरबाई भाकरी थापायला बसल्या की तो त्यांच्या पाठीला पाठ लावून बसायचा. पहिली भाकर चुलीवरून उतरली की चतकोर त्याचा. धम्मानंद चिडवायचा, "माय, मी लेक हाव का त्यो?"

"त्यो तुझ्यासारखा उलटून बोलत न्हाई."

कधी बिघडला ते नेमकं सांगता येत नाही. आधी त्यानं पोस्टमनची पँट फाडली, तेव्हा वस्ती हसली. मग बांगड्यावाल्या म्हातारीच्या मनगटाला दात लावले, तेव्हा हसणारे निम्मे झाले. कोणी म्हणालं, दगड मारले असतील. कोणी म्हणालं, डोक्यात किडा असेल. मग एके सकाळी धम्मानंदानं त्याच्यापुढं भाकर टाकली आणि फौजदारानं भाकर सोडून हात धरला. अंगठ्याच्या खाली चार भोकं. धम्मानंद मुकाट्यानं दवाखान्यात जाऊन सुया घेऊन आला. शेजारी विचारायला आले, तर केशरबाईंनी सांगितलं, "पत्र्यानं कापलं."

कचेरीच्या व्हरांड्यात साहेबाला खरं सुनावणारी बाई. पहिल्यांदा खोटं बोलली ती कुत्र्यासाठी.

अशात अमृतराव घरी आले. अमृतरावांची केळीची बाग मोठी. सगळं गाव त्यांना मालक म्हणतं, केशरबाई अमृतराव म्हणतात. ते म्हणाले, "केशरबाई, तुमचा फौजदार मला द्या. बागेत साखळीला बांधतो. राखण बी होईल, तुमच्या गल्लीचा तरास बी जाईल."

केशरबाईंना हायसं वाटलं. फौजदार जिवंत राहतो, खायला मिळतं, गल्ली मोकळी होते. त्यांनी स्वतः त्याला बागेत नेऊन बांधला, साखळी दोनदा ओढून पाहिली आणि मागं न बघता निघून आल्या.

बाराव्या दिवशी भर दुपारी फोन आला. बागेत केळीची कापणी चालू होती. तांड्यावरच्या बाया आल्या होत्या, लेकरं बांधावर खेळत होती. बागेतले घड चोरीला जाऊ नयेत म्हणून अमृतरावांनी चार दिवसांपासून साखळी काढून टाकलेली. फौजदारानं भीमसिंगाच्या लेकीची, निलमची पोटरी धरली. सोडली तेव्हा मांस लोंबत होतं.

निलम सात वर्षांची. तीन वर्षं केशरबाईंनीच तिला हाताला धरून अंगणवाडीत आणलेलं. केशरबाई आधी बागेत गेल्या, फौजदाराला गळ्याला धरून घरी आणला, कडुनिंबाला बांधला. तो त्यांना बघून शेपटी हलवत आला, हे त्यांना फार लागलं. मग त्या एसटी धरून नांदेडला मोठ्या दवाखान्यात गेल्या.

भीमसिंग खाटेजवळ उभा होता. केशरबाईंनी मनाची सगळी तयारी करून ठेवली होती. तो शिव्या देईल, आपण खाली मान घालून ऐकू. तो एवढंच म्हणाला, "बाई, पोरगी तुमच्याजवळ तीन वर्षं व्हती, कधी खरचटलं सुदिक न्हाई."

यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या.

निलमला सतरा टाके. तरी ती बडबडत होती. सुया किती टोचल्या, शेजारच्या खाटेवरची आजी कशी घोरते. मग मधेच म्हणाली, "मावशी, त्यो आता कुठं हाय?"

"घरी हाय. बांधलाय."

निलम पुढं बोलत राहिली, पण बोलता बोलता तिनं चादरीखाली चांगला पाय पोटाशी ओढून घेतला. केशरबाईंनी ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्या जनावरांच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टर पोरसवदा होता, पण सरळ बोलणारा. म्हणाला, "मावशी, आधी दहा दिवस बांधून ठेवा. पिसाळलेला असला तर तेवढ्यात कळतं. पिसाळलेला नसला, तर सुई देऊन कायमचं झोपवायचं का, हा निर्णय तुमचा."

"दुसरा काही इलाज?"

"शहरात शिकवणारे लोक असतात. तोंडाला जाळी, उंच भिंत, बंद दार. तुमच्या अंगणाला भिंत आहे?"

"साहेब, आमच्या अंगणाला दारच न्हाई. आमच्याकडं लेकरं येत्यात."

त्या दहा दिवसांत फौजदार असा वागला, की कोणालाही वाटावं, उगाच बिचाऱ्याचं नाव घेतात. केशरबाईंची चाहूल लागली की उताणा पडायचा. भाकर अलगद घ्यायचा. केशरबाई अंगणवाडीतून आल्या की निंबाखाली बसून त्याच्या कानातल्या गोचिड्या काढायच्या आणि त्याच्याशी भांडायच्या. "काहून केलं रे तसं? तुला काय कमी व्हतं? बोल की! आता मुका झाला." तो डोळे मिटून मान लांब करायचा. मग गल्लीतून एखादं लेकरू पळत गेलं, की तेच कान ताठ, तेच अंग ताठ, घशात गुरगुर. केशरबाईंच्या हाताखालची पाठ दगडासारखी व्हायची. दोन्ही फौजदार एकच होते, आणि ते त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

मधे अमृतराव पुन्हा आले, अंगणाबाहेरूनच बोलले. "मी नवी साखळी आणलोय, केशरबाई. जाड. तुमचा फौजदार व्हता तवर एक घड गेला न्हाई."

केशरबाई अशा उठल्या की अमृतराव दोन पावलं मागं सरले. "तुमच्या केळीला राखण पायजे, आन् त्याच्यापायी आमच्या बायांच्या लेकरांच्या पोटऱ्या? साखळी काढली कोणी? फौजदारानं सोताच्या हातानं काढली का?"

"अहो, मी कुठं मुद्दाम..."

"मी बी मुद्दाम न्हाई दिला. पण दिला. माझं मी बघून राहिले, तुमचं तुमी बघा. जा."

धम्मानंदाचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. नवव्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "माय, फाट्यावर माझ्या वळखीचे ट्रकवाले हायत. लांब नेऊन सोडत्यात. शंभर कोस लांब."

"तिथं लेकरं न्हाईत का?"

"असतील. पण आपल्याला..."

"बोल की. आपल्याला दिसणार न्हाईत, असंच ना?" केशरबाईंनी ताट बाजूला सरकवलं. "आपल्या वस्तीकडं लोकांनी आजवर काय काय आणून टाकलं? मेलेली ढोरं, गावाचं सांडपाणी, कचरा. ज्याला त्याला वाटायचं, आपल्या दारातून गेलं म्हंजे झालं. तुझा आजा त्याच्यासाठी भांडला, तुझा बाप भांडला, मी बी भांडले. आन् मीच काय केलं? माझं दुखणं नेलं आन् तांड्यावरच्या बाया राबत्यात तिथं बांधून आले. एकदा केलं. दुसऱ्यांदा न्हाई."

धम्मानंदानं भाकरीचा तुकडा मोडला. मग हळूच म्हणाला, "विहारात पहिलं शील तूच सांगतीस सगळ्यांला. जीव घ्यायचा न्हाई म्हणून. लोक इचारतील."

"लोकांनी इचारायच्या आधी मी मलाच इचारलं. आठ दिवस इचारून राहिले." त्यांचा आवाज खाली आला. "शील मोडतंय, धम्मा. मी न्हाई म्हणत न्हाई. विहारात उभी राहून सांगीन, माझ्या हातानं मोडलं. पण माझं शील साबूत राहावं म्हणून कोणाच्या तरी लेकराचा पाय जाऊ देऊ? असलं शील मला नगं."

धम्मानंद रडला. केशरबाई रडल्या नाहीत. त्यांनी त्याच्या पाठीवर जोरात थापटी मारली आणि म्हणाल्या, "जेव आता. ताटावर रडत्यात का."

अकराव्या दिवशी सकाळी डॉक्टर आला. कुत्रा पिसाळलेला नव्हता. डॉक्टरनं संमतीचा कागद पुढं केला. धम्मानंदानं पेन घ्यायला हात लांबवला तर केशरबाईंनी तो बाजूला सारला. "दूध मी पाजलं, सही बी मीच करणार." एकेक अक्षर सावकाश काढलं.

परसात पहारीचा आवाज येत होता. जाऊन बघतात तर भीमसिंग. गुडघाभर खड्डा खणून झालेला.

"तुमी काहून आले?" केशरबाई ओरडल्याच. "तकलीफ तुमच्या पोरीला, आन् खड्डा बी तुमीच खांदायचा?"

"पोरीनं धाडलं." भीमसिंगानं घाम पुसला. "तिला म्हणलं, बाई आज फौजदाराला निजवणार हायत. तर म्हणे, मावशीला एकटीला जमीन खांदता येणार न्हाई."

"पाय कसा हाय?"

"चालून राहिली लंगडत. लय बोलती."

"बोलतीच ती. माझ्या अंगणवाडीतली हाय." केशरबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि लगेच खोचून टाकला. "कंबरेइतका खांदा. वर दगड बी लागतील."

डॉक्टर म्हणाला, जबडा बांधावा लागेल, नाहीतर सुई देता येणार नाही, आणि बांधायला मी जवळ गेलो तर तो मला सोडणार नाही. केशरबाईंनी जुन्या लुगड्याची मऊ पट्टी फाडली. निंबाखाली मांडी घालून बसल्या. फौजदारानं सवयीनं डोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी पट्टी नाकावरून फिरवली, हनुवटीखाली आणली, तशी त्यानं आपणहून हनुवटी वर केली. त्याला वाटलं, गोचिड्या काढायच्या असतील. त्यांनी मानेमागं गाठ मारली.

"द्या साहेब आता."

पहिली सुई झोपेची. फौजदाराचं अंग हळूहळू जड झालं, मांडीवर सगळा भार आला. दुसऱ्या सुईच्या वेळी त्याला काही कळलं नाही. केशरबाईंचा हात त्याच्या कानामागं फिरत होता, तो थांबला नाही. धम्मानंद भिंतीकडं तोंड करून उभा होता. भीमसिंगानं पहार खाली ठेवली होती.

डॉक्टरनं छातीला नळी लावून ऐकलं. "झालं, मावशी."

केशरबाई उठल्या नाहीत. त्यांनी आधी मानेमागची गाठ सोडवली. ती घट्ट बसली होती, दातांनी सैल करावी लागली. पट्टी काढली. नाकावर दबून बसलेले केस बोटांनी सरळ केले.

"लय आवळलं व्हतं का रे?" त्या म्हणाल्या.