उल्काचं गणित आणि पहाटेची हुग्गी

माझी धाकटी जाऊ उल्का गणिताची बाई. भाजी निवडतानासुद्धा तिचं डोकं कुठल्यातरी समीकरणात असतं, आणि मग मेथीच्या काड्या पातेल्यात नि पानं कचऱ्यात जातात. मी ओरडते, ती हसते. कानडी मुलखातल्या या शहरात, बसवनगुडीत, आमची घरं वरखाली आहेत, त्यामुळे ओरडायला मला लांब जावं लागत नाही.

सुहास, म्हणजे तिचा नवरा आणि माझा दीर, सरकारी कारखान्यात इंजिनिअर होता. प्रकृतीला जपणारा. त्याच्या रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, चांगलं कोलेस्टेरॉल भरपूर आहे, काळजीच नको. त्याच वर्षी बसची वाट बघताना उभ्या उभ्या त्याचं हृदय बंद पडलं. भेटायला येणारा जो तो म्हणायचा, "नशीब, दुसरं काय!" शेवटी उल्का एकीवर उसळली. "नशीब कसलं? रिपोर्टात नुसता आकडा असतो. आत काय चाललं होतं ते कुणी बघितलंच नाही!"

आणि ही बाई खरंच बघायला निघाली. राजाजीनगरच्या कॉलेजातली बरी चाललेली नोकरी सोडली आणि केस पांढरे व्हायला लागलेले असताना येलहंक्याच्या एका संशोधन संस्थेत पीएचडीला नाव घातलं. नातेवाईक म्हणाले, दुःखानं डोकं फिरलंय. मी म्हटलं, फिरू दे. तुमची जाग्यावर आहेत, त्यांनी काय दिवे लावले?

एकदा मी तिला विचारलं, "अगं, करतेस तरी काय तिथं? मला कळेल असं सांग."

"अक्का, रक्तात चरबी सुटी फिरत नाही. डब्यांत भरून फिरते. काही डबे मोठे, काही बारीक. आपण शेजारणीचा डबा रिकामा परत करतो का कधी? तसंच तिथं. एका डब्यानं चरबी दिली की दुसरा त्याला कोलेस्टेरॉल देतो. कुठल्या डब्यात काय आहे ते रिपोर्टात येतं. देवघेव कोणत्या वेगानं चाललीय ते येत नाही. ते मी समीकरणांत मांडतेय."

"म्हणजे सुहासचं काय झालं ते कळेल?"

"त्याचं आता नाही कळणार. दुसऱ्या कुणाचं तरी वेळेत कळेल." एवढं बोलून ती भांडी घासायला लागली. मी फडकं घेतलं नि तिच्या शेजारी उभी राहून भांडी पुसायला लागले.

समीकरणं खरी की खोटी हे ठरवायला खरं रक्त हवं. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष विश्वासराव, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, ते म्हणाले, "मंडळ कशाला आहे मग?" डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी हॉलमध्ये रक्त द्यायचं ठरलं. अट एकच, रात्रीच्या जेवणानंतर पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. अण्णा स्वतः दारात उभे राहून एकेकाला दरडावत होते, "उपाशी आलात ना?" येलहंक्याकडची आयटीतली पोरं जांभया देत आली. आमची बसवनगुडीची ज्येष्ठ मंडळी मात्र आंघोळी करून, कपाळाला गंध लावून, टवटवीत.

आणि तिथंच घोळ झाला. पोरांचं रक्त समीकरणाप्रमाणे सरळ चाललं. ज्येष्ठांचं मात्र भलतीकडेच. उल्काचे मार्गदर्शक डॉ. भीमाचार्य आमच्याच गल्लीतले, भला माणूस. ते आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले, "अम्मा, थोडा वयाचा परिणाम असेल. त्यांना वगळा, नाहीतर एक दुरुस्तीचा आकडा घालून जुळवून घ्या. सरी? ठीक?"

घरी आली ती ताटावर बसेना. समीकरणं चुकली असतील तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. वगळलं तर प्रबंध पुरा होईल, पण खोटा. मी म्हटलं, "बाई गं, सर सांगतायत तर वगळ ना चार म्हातारे!"

"सुहासलाही सगळ्यांनी असंच वगळलं, अक्का. नशीब म्हणून."

मी तिचं ताट झाकून ठेवलं.

दोन-तीन दिवसांनी ती पोळ्या लाटता लाटता थांबली. "अक्का, ज्येष्ठांच्या रक्तातली ही चरबी मुरलेली नाही. मुरलेली असती तर देवघेव होऊन ती एव्हाना सगळ्या डब्यांत पसरली असती. पण यांचे बारीक डबे अजून कोरे आहेत. ही चरबी ताजी आहे. त्याच दिवशी उजाडायच्या आत पोटात गेलीय."

"म्हणजे आमची म्हातारी माणसं खोटारडी? अण्णा खोटारडे?" माझा आवाज चढला.

"ते खोटं बोलणार नाहीत. आणि माझं गणितही खोटं बोलत नाहीये. चल, विचारूया."

अण्णा भडकले. भडकणारच! "माझ्या घरात येऊन मला खोटं पाडतेस? मी उपाशी होतो!"

मी तिच्या जागी असते तर चपला घालून निघाले असते. ही खुर्ची ओढून शांतपणे बसली. "अण्णा, तुम्ही खाल्लंत असं मी म्हणतच नाही. त्या दिवशी उठल्यापासून काय काय केलंत तेवढं सांगा."

"काय करणार? आंघोळ. मग देवळात पहाटेची पूजा, धनुर्मास होता ना, आपला धुंधुरमास. प्रसाद घेतला, बागेला एक फेरी मारली आणि हॉलवर आलो."

"प्रसाद कसला?"

"हुग्गी! धनुर्मासात दुसरं काय देतात?"

हुग्गी म्हणजे मुगाच्या डाळीचा नि तांदळाचा मऊ भात, वरून तुपाची धार. धार कसली, पूर. "एक द्रोण?" मी विचारलं.

"दोन. पुजारी ओळखीचा आहे."

"अहो अण्णा, मग पोटभर खाल्लंत की!"

"प्रसाद म्हणजे खाणं का, अलका?" अण्णा मनापासून चकित झाले होते. "देवाचा प्रसाद जेवणात कोण धरतं?"

मला हसू फुटलं. वळून बघते तर उल्का रडत होती. "दर धनुर्मासात सुहास देवळातून येताना माझ्यासाठी द्रोण आणायचा. तो गेल्यापासून हा महिना कधी येतो नि जातो, मला कळतच नाही. तो असता तर मी रक्ताचा दिवस असा ठरवलाच नसता." अण्णांचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग तिनं सगळ्यांना विचारलं. ज्यांचं रक्त भलतीकडे गेलं होतं, ती सगळी मंडळी पहाटे त्याच देवळात होती. त्यांत एक नाव भीमाचार्यांचं! त्यांनीही हौसेनं रक्त दिलं होतं, आणि द्रोणही सोडला नव्हता. "म्हणजे मी मलाच वगळायला सांगत होतो?" ते म्हणाले. "सर, तुमची आज्ञा मोडली, माफ करा," उल्का म्हणाली. दोघंही किती वेळ हसत होते.

तिनं कुणालाच वगळलं नाही. पोटातून नुकतीच आलेली चरबी समीकरणात धरली, आणि ज्येष्ठांचं रक्तही त्याच वाटेनं चालायला लागलं. सोपं होतं ते सोडून ही बाई खऱ्याच्या मागे गेली. मला तिचा केवढा अभिमान वाटतो म्हणून सांगू!

तिची शेवटची तोंडी परीक्षा नेमकी पुढच्या धनुर्मासात आली. सकाळी ती साडी नेसून तयार, आणि चहा तसाच कपात निवत होता. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. अण्णा होते. थंडीनं कानटोपी घातलेली, हातात केळीच्या पानानं झाकलेला द्रोण, आणि जिना चढून दम लागलेला.

उल्का द्रोणाकडे बघत उंबऱ्यातच उभी राहिली. सुहास गेल्यापासून तिनं हुग्गी तोंडात घातली नव्हती.

"खा, पोरी," अण्णा म्हणाले. "आज तुझं रक्त कुणी काढणार नाही."

तिनं तिथंच उभ्या उभ्या सगळा द्रोण संपवला.