मेंढीनं पदरात घेतलेलं पाडस

घरात मी भित्री म्हणून प्रसिद्ध आहे. पाल भिंतीवर दिसली तर मी खाटेवर, खाटेजवळ आली तर मी शेजारणीच्या घरात. तेव्हा पाटलाच्या माणसाला तोंडावर "न्हाय देत" म्हणणारी मीच होते, हे माझ्या सुनांना पटत नाही. खरं सांगू? मलाही दर वेळी सांगताना थोडं नवलच वाटतं.

लग्न होऊन मी बार्शीहून वळसंगला आले, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. बार्शी पेठेचं गाव, आणि सासर पडलं मेंढरं राखणारं. त्या दिवशी सकाळी माळावर बंदुकीचे बार झाले. पाटलाकडे आलेल्या गोऱ्या साहेबानं हरणी मारली आणि ती मोटारीला बांधून नेलेली साऱ्या गावानं पाहिली. दुपारी मी गोवऱ्या वेचायला गेले, तर रक्त सांडलेल्या गवतापासून थोड्याच अंतरावर तिचं पाडस बसलेलं. मागचा पाय कुत्र्यांनी धरून मोडलेला. पळायचं सोडून ते माझ्याकडे नुसतं बघत राहिलं. मी गोवऱ्या टाकल्या आणि पाडस पदरात गुंडाळून आणलं.

आता मी चौथी शिकलेली, म्हणजे त्या घरातली पंडितच. पंडितानं म्हशीचं दूध घेतलं, त्यात गूळ विरघळवला आणि ते चिंधीनं पाडसाला पाजलं. दिवस मावळायच्या आत पोट बिघडून पाडसानं माझं लुगडं धुवायला लावलं.

"लेकराला पाजतीयास का पंगत वाढतीयास?" सासूबाई म्हणाल्या. "मरायला टेकलंय ते. माळावर ठिवून ये जा."

"न्हाय ठिवत."

मी म्हणाले खरी, पण आवाज एवढा बारीक, की मलाच नीट ऐकू आला नाही.

"काय म्हणलीस?"

"न्हाय ठिवत म्हणलं, आत्याबाई!"

दारातली कोंबडी उडाली. लग्नापासून मी सासूबाईंशी "व्हय" सोडून दुसरा शब्द बोलले नव्हते. मग त्या उठल्या आणि सुरी घेऊन आल्या. मला वाटलं, संपलं!

पण त्या वाघरीकडे गेल्या. जाळ्याच्या त्या कुंपणात एका मेंढीचं कोकरू सकाळीच मेलेलं. मेंढी त्याला हुंगत उभी होती. आमच्यात रीत अशी, की आई नसलेल्या कोकराला दुसऱ्या मेंढीच्या मेलेल्या कोकराचं कातडं घालायचं. मेंढी नाकानं ओळखते. वास आपल्या लेकराचा आला, की कास मोकळी करते. सासूबाईंनी कातडं काढलं, पाडसाला अंगरख्यासारखं चढवलं, मोडल्या पायाला बांबूच्या कामट्या लावून चिंधीनं बांधलं आणि त्याला मेंढीपुढे सोडलं. मेंढीनं शेपटीपाशी हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग पाडस धडपडत कासेला लागलं आणि मी रडायला लागले. "आता तुलाबी पाजू का?" सासूबाई म्हणाल्या.

दोन-तीन दिवसांनी पाटलाचा माणूस आला. तोही आमच्यासारखाच मेंढरं राखणाऱ्या घरचा. साहेब पुन्हा जेवायला यायचा होता आणि माझ्या पदरातलं पाडस कुणीतरी पाटलाच्या कानावर घातलं होतं.

"वैनी, ते पाडस कुटं हाय?"

"कसलं पाडस?"

त्यानं घरात डोकावलं, गोठ्यात पाहिलं. वाघरीवरून नुसती नजर फिरवली. कातडं घातलेलं कोकरू आमच्याकडे रोजचंच, त्याकडे कोण बघतंय! तो निघालाच होता, तेवढ्यात आमच्या दिवट्या पाडसानं मान उंच केली.

"वैनी, ह्या कोकराची मान लई लांब हाय की."

"बापावर गेलंय."

"बाप उंट व्हता व्हय?" तो हसला आणि जाळं उचलून आत वाकला.

मी मधे जाऊन उभी राहिले. पाय लटपटत होते, पण लुगड्याच्या आत लटपटणारे पाय कुणाला दिसतात?

"व्हय, हरणाचंच हाय," मी म्हणाले. "त्याची आई तुमच्या पाव्हण्यानं खाल्ली. हे न्हाय मिळायचं. मेंढीनं पदरात घेतलंय त्याला. पितं कोकरू कासेवरनं वढून कापल्यालं तुज्या घरात कदी चाललंय का, ते सांग आन् मग हात लाव."

पाडस दूध पीत होतं. मेंढीनं पाटलाच्या माणसाकडे बघून पुढचा पाय जमिनीवर आपटला. त्यानं हात मागे घेतला. "पाटलाला काय सांगू?" त्यानं विचारलं.

"सांग, कोंबडा काप म्हणावं," मागून सासूबाई म्हणाल्या.

पाटलानं या गोष्टीचा राग धरला. खतासाठी आमची मेंढरं दर साली त्याच्या शेतात बसायची, बदल्यात ज्वारी मिळायची. ते त्यानं बंद केलं. घरात सगळे माझ्याकडे बघू लागले. मी मान खाली घातली, पण चुकलं असं म्हणाले नाही. सासूबाईंनी भाकरी थापता थापता निकाल दिला, "बसतील दुसऱ्याच्या रानात. लेंड्या काय पाटलाचं रान बघून पडत्यात?"

पाडस वाढलं. पाय वाकडाच जुळला, पण उडी कळपातल्या कुणालाही लाजवील अशी. एक दिवस माळावर हरणं दिसली आणि ते लंगडत त्यांच्यात गेलं. मेंढी ओरडली. त्यानं एकदा मागे पाहिलं, बस्स.

आता नातवंडं कुठून कुठून पाखरं, खारी उचलून आणतात आणि विचारतात, काय करायचं? मी सांगते, आधी आई जवळपास आहे का बघा. असली तर हात लावू नका. नसली तर गुळाचं दूध पाजू नका. आणि न्यायला कुणी आलं, तर मधे उभे राहा. पाय लटपटले तर लटपटू द्या.