बेल्टच्या कडेची लाल दोरी

तुर्भ्याच्या मसाल्याच्या कंपनीत मी मेंटेनन्सला लागले ती आईच्या वशिल्याने. ती तिथे पॅकिंगच्या बेल्टवर बरीच वर्षं होती. माझं आयटीआय संपलं त्याच आठवड्यात तिने सुपरवायझरला गाठून सांगितलं होतं, "माजी पोरगी वायरिंगचं सगळं करती. ठेवून बगा." त्यांनी ठेवून बघितलं आणि मी टिकले. मग बायकांनी माझं नाव 'वायरमनबाई' ठेवलं. आई मात्र कंपनीच्या गेटात शिरली की मला 'मॅडम' म्हणायची. त्या 'मॅडम'मध्ये जेवढा अभिमान होता तेवढाच टोमणाही होता, आणि मला दोन्ही आवडायचे.

माझ्या नाकावर राग असतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तो येणारच आहे.

आमचा बेल्ट चांगला लांब. एका टोकाला मशीनमधून मसाल्याची पाकिटं पडायची, ती बेल्टवरून पुढे सरकायची आणि दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या बायका ती बघून, निवडून खोक्यांत भरायच्या. मिरचीचं दळण असलं की बाहेर रस्त्यावर उभे असलेले ट्रकवालेसुद्धा शिंकायचे. हा एवढा लांब बेल्ट बंद करायचं लाल बटण एकच, तेही पार शेवटी, सुपरवायझरच्या टेबलाशेजारी. मध्ये कुणाचं काही अडकलं तर ओरडायचं, आणि मग कुणीतरी पळत जाऊन बटण दाबायचं.

आई ओरडली नव्हती. मी तिथे लागायच्या आधीची गोष्ट. तिच्या बांगड्या बेल्ट आणि रोलरच्या मध्ये गेल्या. तिने हिसका मारून हात सोडवला, दोन बांगड्या फुटल्या, मनगट कापलं. तिने वर रुमाल गुंडाळला आणि शिफ्ट पुरी केली. घरी आल्यावर मी विचारलं, "ओरडली का नाहीस?" तर म्हणाली, "वरडले असते तर लाइन थांबली असती की." जणू मीच काहीतरी येडचापसारखं बोलले होते.

आईचा स्वभावच तो. आपल्यामुळे कुणाचं काही अडता कामा नये. सानपाड्याला आमचा स्टॉप चुकला तर ड्रायव्हरला हाक मारायची नाही; पुढच्या स्टॉपला मुकाट्याने उतरायची आणि भाजीच्या पिशव्या घेऊन उलटी चालत यायची. वर म्हणायची, तेवढाच व्यायाम. मी चिडायचे, ती हसायची, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

म्हणून कंपनीने बेल्टला दोरीचा स्विच बसवायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला. मीच तो बसवला. दोरी म्हणायचं, पण असते ती पोलादी तार, वर लाल प्लास्टिक चढवलेली. बेल्टच्या कडेने, बायकांच्या हाताशी येईल अशा उंचीवर, कड्यांमधून ओवत न्यायची. एका टोकाला स्विच, दुसऱ्या टोकाला स्प्रिंग. कुठूनही ओढा, बेल्ट बंद. तार तुटली तरी बंद, सैल पडली तरी बंद. आणि चालू करताना मात्र असं लांबून बटण दाबून भागत नाही. स्विचपाशी चालत जायचं, सगळा बेल्ट नजरेखालून घालायचा, निळी खिट्टी फिरवायची, मगच. थांबवायचा हक्क सगळ्यांना, चालू करायला मात्र डोळे उघडे ठेवून यायचं. मला ही वस्तू फार आवडली. माझ्यासारखीच, जरा कुठे कमीजास्त झालं की हटून बसणारी.

पहिल्या दिवशी मी ऐटीत भाषण दिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुपारी जेवून आले तर दोरीवर नऊ नॅपकिन वाळत घातलेले आणि दोन डब्यांच्या पिशव्या लटकवलेल्या, आणि बेल्ट बंद. मी एवढी ओरडले की ग्राइंडिंगच्या खोलीतली माणसं बघायला आली. दुसऱ्या दिवशीपासून नॅपकिन गेले, पण त्यांच्याबरोबर हातही गेले. दोरीला कुणी शिवेना.

बेल्टवर तुर्भे गावातल्या एक काकू होत्या, तोंडाने फटकळ, मनाने सोनं. त्या म्हणाल्या, "मॅडम, यो तुमचा दोर हाय का देव? हात लावाला पन भ्या वाटते." भीती दोरीची नव्हती, रजिस्टरची होती. लाइन थांबली की थांबवणाऱ्याने सुपरवायझरच्या टेबलावरच्या रजिस्टरात लिहायचं: नाव, कारण, आणि शेवटच्या रकान्यात 'काय उपाय केला'. तो रकाना सुपरवायझर स्वतः भरायचे आणि प्रत्येक वेळी दोनच शब्द लिहायचे, 'समज दिली'. पाकीट आडवं पडलं, समज दिली. कुणाला चक्कर आली, समज दिली. मग कोण कशाला दोरी ओढतंय?

मी डोकं चालवलं. दर सोमवारी सकाळी माल सोडायच्या आधी दोरी तपासावी लागते. ती मी तपासायची सोडून बायकांना पाळीपाळीने ओढायला लावली. 'आज दोरीचा मान कुणाचा?' असं मोठ्याने विचारायचं, जिचा मान तिने पुढे यायचं, ओढायचं, बेल्ट थांबला की टाळ्या. या ओढण्याची रजिस्टरात नोंद नाही, हे मी सुपरवायझरकडून कबूल करून घेतलं होतं. पहिल्या बाईने दोन बोटांनी ओढली, गरम तव्यावरची पोळी उचलावी तशी. महिन्याभरात मात्र मानासाठी भांडणं लागली. काकू त्यांच्या सोमवारी नवं लुगडं नेसून आल्या आणि दोरी अशी खेचली की स्विचची पट्टीच वाकली. मला ती सरळ करायला अर्धा तास लागला, पण हसून हसून हातात पक्कड धरवत नव्हती.

फक्त आई ओढत नव्हती. तिची पाळी आली की पुढे यायची, दोरीला हात लावायची, नमस्कार केल्यासारखा, आणि मागे सरायची. "झालं की. बगितला मी हात लावून. चांगली हाय दोरी." बायका हसायच्या. मीही हसायचे, पण मला आतून धडकी भरायची. मला भीती एकच होती: आईचा हात पुन्हा अडकेल, दोरी तिच्यापासून वीतभर असेल, आणि ती ओढणार नाही. घरी मी तिला समजावलं, चिडले, एकदा तर रडलेसुद्धा. ती म्हणायची, "येवढ्या बायका, येवढं काम. मी एकटीनं कसं थांबवायचं सगळं?"

मग खंडेनवमी आली. कंपनीत त्या दिवशी सकाळी मशीन धुऊनपुसून पूजा, आणि पूजा झाली की लगेच काम, कारण दिवाळीच्या ऑर्डरी मानगुटीवर बसलेल्या. सजावट दरवर्षी आईकडे. तिने आदल्या दिवशी झेंडू आणला, घरी बसून संध्याकाळभर माळा ओवल्या. मीही सुया ओवून दिल्या. सकाळी कंपनीत गेले तर बेल्ट नवरीसारखा सजलेला. माझा टेस्टर आणि स्क्रूड्रायव्हर पाटावर, हळदकुंकू लावून. बेल्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झेंडूची आणि आंब्याच्या पानांची तोरणं. मी म्हटलं, "आई, काय भारी दिसतंय!" ती खूश झाली.

नारळ फुटला. सुपरवायझरनी बटण दाबलं. बेल्ट ढिम्म.

मी पॅनल उघडलं. सप्लाय ठीक. रिले ठीक. मोटर बघायची म्हणून शेवटच्या रोलरवरची जाळी काढली. मोटरही ठीक. सगळ्या बायका नव्या साड्या नेसून माझ्याकडे बघत उभ्या. सुपरवायझर घड्याळाकडे बघून म्हणाले, "मॅडम, टेन्शन देऊ नका राव, पार्टीचा टेम्पो येईल आता." काकू म्हणाल्या, "देवाचं कायतरी राहिलं." माझा घाम, वर टेस्टरचं कुंकू, दोन्ही कपाळाला लागलेलं. जवळजवळ तास गेला. शेवटी दोरीच्या स्विचपाशी गेले, निळी खिट्टी फिरवली, तर ती सोडली की परत मागे. म्हणजे दोरी ओढलेली होती. पण दोरी कुठाय?

दोरी तोरणांच्या आत होती. आईला बेल्टच्या कडेने जाणारी ती लाल तार तोरणासाठीच बांधल्यासारखी वाटली होती. माळा लोंबू नयेत म्हणून तिने त्या मध्ये मध्ये बेल्टच्या पायांना गच्च आवळून बांधल्या होत्या, आणि दोरी खाली ताणली गेली होती. मी तासाभरात चार वेळा तिच्या शेजारून गेले होते. चूक माझीही होती, पण ते तेव्हा सुचेल तर मी मी कसली? सगळ्यांसमोर ओरडले, "आई, अक्कल आहे का तुला? ही काय घराची चौकट आहे तोरण बांधायला?"

आई म्हणाली, "चुकलं, मॅडम."

या वेळी त्यात टोमणा नव्हता. मला लगेच वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी आणखी चिडते. माळा ओरबाडून काढल्या, खिट्टी फिरवली, बेल्ट सुरू झाला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. पाकिटं सरकू लागली, सगळ्या आपापल्या जागी उभ्या राहिल्या, आई बेल्टच्या मधोमध तिच्या नेहमीच्या जागेवर.

मी हत्यारं गोळा करत होते तेव्हा दिसलं, शेवटच्या रोलरपाशी झेंडूची एक तुटकी माळ आत ओढली जातेय. जाळी मीच काढलेली, परत लावलेली नाही. दोरी माझ्या कोपराला लागत होती. पण एकदा तासभर लाइन अडली होती, सुपरवायझरचं तोंड आत्ता कुठे जागेवर आलं होतं, आणि तेवढ्यासाठी पुन्हा बेल्ट थांबवायचा? नुसती माळ तर उचलायची. मी हात घातला.

आणि बेल्ट थांबला.

माझ्या कुर्त्याच्या बाहीची कड रोलरखाली गेली होती आणि बोटं तिथून चार अंगुळं लांब होती. मी मान वळवून पाहिलं. आईने दोन्ही हातांनी दोरी धरून छातीशी ओढली होती, पाय रोवून, विहिरीतून भरलेली बादली ओढताना धरतात तशी.

"कोणी खेचली? आता काय झालं?" सुपरवायझर टेबलावरून ओरडले.

"मी!" आईचा एवढा मोठा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. "मी वढली! आनि खबरदार कुनी चालू केला तर!"

मी पॅनलचा मेन बंद करायला लावला, रोलर हाताने उलटा फिरवून बाही सोडवली. आई दोरी सोडेना. सोडली तरी बेल्ट आपोआप सुरू होत नाही हे मी तिला शंभर वेळा सांगितलं होतं. काकू तिची बोटं उकलत म्हणाल्या, "सोडा आता, बाय. पोर चांगली हाय."

"हात दाखव," आई मला म्हणाली. मी दाखवले. "उलटे." मी उलटे केले, शाळेत नखं तपासताना करायचो तसे. दहा बोटं मोजल्यावर तिने दोरी सोडली आणि मग तिने माझी जी काही काढली! मॅडम गेली कुठल्या कुठे. सगळ्या कंपनीसमोर, "भाषनं देती आमाला! सोमवारी टाळ्या वाजवून घेती! आनि सोता हात घालती व्हय गं?" बायका हसायला लागल्या, काकूंनी तर पदर तोंडाला लावला, आणि मला रडू यायच्या ऐवजी हसूच यायला लागलं. मी तिला मिठी मारली. ती म्हणाली, "बाजूला हो, लाइन थांबलीय."

पण हलली नाही. सावकाश टेबलापर्यंत चालत गेली, रजिस्टर ओढलं, पेन मागितलं. तिसरीपर्यंत शिकलेली माझी आई, तिला लिहायला वेळ लागतो. पूर्ण लाइन उभी होती, टेम्पो दारात आला होता, सुपरवायझर शेजारी हात बांधून उभे होते, आणि ती एकेक अक्षर काढत होती. कुणीही तिला घाई केली नाही. जाळी मी लावली, बेल्ट नजरेखालून घातला, खिट्टी फिरवली आणि काम सुरू झालं. पेढे वाटले गेले.

लाइन पुन्हा चालू केली की मेंटेनन्सची सही लागते. दुपारी मी टेबलापाशी गेले आणि रजिस्टर उघडलं. नावाच्या रकान्यात तिचं नाव. कारणाच्या रकान्यात 'लेकीचा हात'. शेवटचा रकाना सुपरवायझर भरतात, पण त्या दिवशी त्यांना तिने जागाच ठेवली नव्हती. तिथेही तिचंच अक्षर होतं, मोठं, तिरकं, रकान्याबाहेर गेलेलं.

'लेकीला समज दिली.'

मी खाली सही केली.