जहाजाचा जामीन

माझा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर फिटर होता. राहुरीजवळच्या साखर कारखान्यात वडिलांच्या हाताखाली तो काम शिकला आणि तिथून थेट समुद्रावर गेला. मी लग्न होऊन केडगावात राहत होते. आमच्यात तोवर कुणी जहाज जवळून पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

एका परदेशी बंदरात त्याचं जहाज अडकलं. मालकाने तेलाचं बिल थकवलं होतं. तेलवाला कोर्टात गेला आणि कोर्टाने जहाजच अटकेत ठेवलं.

"काळजी करू नको ताई," भाऊ फोनवर म्हणाला. "मालकानं कोर्टात हमी भरली की सुटतंय. असं होत असतं."

आम्ही त्यावर विसंबलो. मालकाने हमी भरली नाही. जहाज जुनं होतं, ते सोडवण्यापेक्षा टाकून देणं त्याला परवडलं. पुढे त्याने फोन घेणंच बंद केलं. जहाजावर पगार थांबला, मग डिझेल संपत आलं, म्हणजे दिवे आणि पंखेही गेले.

इकडे आईचं डायलिसिस चालू होतं. वडील आणि मी मुंबईला एका वकीलबाईंकडे गेलो. वडिलांनी पिशवीतून सातबारा काढून टेबलावर ठेवला.

"बाई, जामीन मी ऱ्हातो. बागायत जमीन हाय, घर हाय. पोराला सोडवा."

बाईंनी तो उतारा नीट वाचला, मगच परत दिला. "काका, हा जामीन माणसाचा नाही, जहाजाचा आहे. बँकेची नाहीतर विमा कंपनीची हमी लागते, आणि ती मालकानेच आणायची."

"मग पोरांना कशापायी धरलंय?"

"धरलेलं नाही. पण जहाज रिकामं ठेवता येत नाही. बदली माणसं आल्याशिवाय बंदरवाले यांना उतरू देत नाहीत, आणि बदली पाठवणार कोण?"

मालकाने वाऱ्यावर सोडलं तर खलाशांना घरी आणायचा वेगळा विमा असतो, असंही त्या म्हणाल्या. त्यांनी चौकशी केली. हप्ते न भरल्यामुळे तो आधीच रद्द झाला होता.

परतीच्या एसटीत शिरूरजवळ वडिलांनी सातबारा घडी घालून पिशवीच्या तळाशी ठेवला. मग म्हणाले, "तुझ्या आईला यातलं काय बी सांगू नको. एक सही ऱ्हायलीय म्हन."

मी तसंच सांगितलं. आई दवाखान्यातून आली की विचारायची, "झाली का गं सही?" मी म्हणायचे, होईल. पावसाळा संपता संपता ती गेली. भावाला मी अमरधाममधून व्हिडिओ कॉल लावला. चितेजवळ पोचेपर्यंत तो कट झाला. पुन्हा लावला, लागला नाही.

त्यानंतर कितीतरी महिन्यांनी कोर्टाने जहाज भंगारात विकलं, तेव्हा कुठे भावाला आणि बाकीच्या खलाशांना उतरवलं. विक्रीच्या पैशातून पगार मिळेल म्हणत होते. अजून मिळालेला नाही.

आता तो हंगामापुरता कारखान्यावर जातो. परवा मी माहेरी गेले होते, तर ताट वाढून बसला होता, हात लावत नव्हता.

"जेव की रे," वडील म्हणाले.

"जेवतो," तो म्हणाला, आणि तसाच बसून राहिला.